ग्रिंडेलवाल्डची शिखरं: थोडी सायकल, थोडी पायपीट, चार दिवसांचा पूर्ण प्लॅन

एप्रिल-मे आला की माझ्या फोनवर एकच प्रश्न फिरून फिरून येतो. "ताई, आम्ही स्वित्झर्लंडला येतोय, टूरवाल्यांबरोबर नाही, आपले आपण, ट्रेकपण करायचाय आणि जमलं तर सायकलपण, कुठे जाऊ?" मी बाझेलला राहते, इथून ग्रिंडेलवाल्ड ट्रेनने अडीच-तीन तासांवर, त्यामुळे पाहुणे आले की तिकडे आणि नाही आले तरी तिकडेच असं आमचं गेली काही वर्षं चाललंय. प्रत्येकाला वेगळा व्हॉइस मेसेज पाठवून कंटाळले, म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून टाकते.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. आपल्या सह्याद्रीत उंची पायांनीच कमवावी लागते, इथे ती तिकीट खिडकीवर विकत मिळते. गोंडोला (तारेवर लटकत जाणारी छोटी केबिन) आहे, रॅक रेल्वे (दात्यांच्या रुळावरून डोंगर चढणारी गाडी) आहे, पोस्टाची बस आहे. त्यामुळे "चढू का नाही" हा प्रश्नच नसतो, प्रश्न असतो की कुठला चढ विकत घ्यायचा, कुठला पेडल मारून काढायचा आणि कुठला चालायचा. सगळा विकत घेतला तर तुम्ही बाकीच्या टूरसारखे सेल्फी काढून खाली येणार, आणि सगळा चालायला गेलात तर दुसऱ्याच दिवशी गुडघे बोलायला लागतात. माझा नियम साधा आहे: जिथे लांबलचक डांबरी रस्ता आहे तिथे सायकल, जिथे जंगलातून नुसताच खडा चढ आहे आणि काही दिसत नाही तिथे गोंडोला, आणि झाडं संपून कुरणं सुरू झाली की पाय.

दरीची रचना समजून घ्या

इंटरलाकेन ५७० मीटरच्या आसपास, दोन तलावांच्या मधे. तिथून दक्षिणेला एक दरी आत जाते आणि त्स्वायलुचिनेन नावाच्या छोट्या गावापाशी तिला फाटा फुटतो. डावीकडची दरी ग्रिंडेलवाल्डची (१०३४ मी), उजवीकडची लाउटरब्रुनेनची (७९६ मी). दोन्हीकडून लुचिने नावाच्या दोन नद्या येऊन इथे मिळतात, काळी लुचिने आणि पांढरी लुचिने, गावाचं नावच त्यावरून पडलंय. या दोन दऱ्यांच्या मधे जी डोंगराची सोंड आहे तिच्यावर मेनलिखेन, लाउबरहॉर्न आणि क्लाइने शायडेग ही खिंड. मागे भिंतीसारखे आयगर (३९६७ मी), म्योंख आणि युंगफ्राउ (४१५८ मी). ग्रिंडेलवाल्डच्या उत्तरेला, म्हणजे आयगरच्या बरोब्बर समोर, फाउलहॉर्नची रांग. हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे, कारण आयगर बघायचा असेल तर आयगरवर नाही, त्याच्या समोर जाऊन उभं राहावं लागतं, राजगड बघायला तोरण्यावर जावं तसं.

ट्रेनबद्दल एक सावधगिरी. इंटरलाकेन ओस्टहून सुटणाऱ्या गाडीचे त्स्वायलुचिनेनला दोन तुकडे होतात, अर्धी लाउटरब्रुनेनला आणि अर्धी ग्रिंडेलवाल्डला. कुठले डबे कुठे जाणार हे प्लॅटफॉर्मवरच्या बोर्डावर आणि डब्यावर लिहिलेलं असतं, पण वाचतंय कोण! पहिल्या वेळी मी पळत पळत मिळेल त्या डब्यात चढले आणि लाउटरब्रुनेनला पोचले, नवरा माझी सॅक आणि दोघांचे जेवणाचे डबे घेऊन ग्रिंडेलवाल्डला. अर्ध्या तासाने दुसरी गाडी असते म्हणून फार बिघडलं नाही, पण भूक लागली होती ती लागलीच.

कधी जायचं

फाउलहॉर्नसारख्या २६८० मीटरच्या शिखराच्या वाटा साधारण जुलैपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत मोकळ्या. जूनमध्ये खाली फुलंबिलं सगळं छान दिसतं, पण वरच्या उत्तरेकडच्या उतारांवर बर्फाचे पट्टे असतात आणि त्या घट्ट बर्फावरून पाय घसरला तर थांबायला काही नसतं. माझं मत विचाराल तर सप्टेंबरचा पहिला-दुसरा आठवडा. जुलै-ऑगस्टमधे दुपारनंतर ढग जमून विजांचा पाऊस येतो, सप्टेंबरमधे हवा जास्त शांत, गर्दी कमी, फक्त दिवस छोटा होतो. आपल्याकडच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत, म्हणजे मे महिन्यात येणारे बरेच असतात, त्यांना मी स्पष्ट सांगते की मेमधे हा प्लॅन होत नाही, खालच्या दरीत सायकल चालवा, धबधबे बघा, शिखरं विसरा. मे महिन्यात बरेच गोंडोला वार्षिक दुरुस्तीसाठी बंदपण असतात.

सायकल: भाड्याने काय घ्यायची

ग्रिंडेलवाल्ड आणि इंटरलाकेन दोन्हीकडे भाड्याची दुकानं आहेत. साधी माउंटन बाइक, किंवा ई-बाइक. ई-बाइकला "चीटिंग" म्हणणाऱ्यांनी एकदा ग्रोसे शायडेगचा चढ साध्या सायकलवर काढून दाखवावा आणि मग बोलावं. ग्रिंडेलवाल्डहून ती खिंड १० किलोमीटर लांब आणि ९३० मीटर वर आहे. पुण्यातल्या लोकांसाठी सांगायचं तर सिंहगडचा घाट दीडदा, मधे न उतरता.

बॅटरीचा हिशोब एकदा करून ठेवा म्हणजे वर जाऊन रडायची वेळ येत नाही. तुम्ही, सायकल आणि सॅक मिळून १०० किलो धरा. १०० किलो वजन ९३० मीटर वर न्यायला शुद्ध गणिताने साधारण २५० वॉट-अवर ऊर्जा लागते. मोटरचा तोटा धरला तर जास्त, पण त्यातलं बरंचसं तुमचे पाय देतात. ५०० वॉट-अवरची बॅटरी असेल तर इको किंवा मधल्या मोडवर आरामात वर जाता आणि निम्म्याहून जास्त शिल्लक राहते, सतत टर्बोवर बोट ठेवलं तर वरती लाल दिवा. दुकानात बॅटरी किती वॉट-अवरची आहे ते विचारा आणि पूर्ण चार्ज दाखवूनच घ्या. ई-बाइकला इथे दिवसासुद्धा लाइट चालू ठेवणं २०२२ पासून सक्तीचं आहे. हेल्मेट साध्या ई-बाइकला सक्तीचं नाही, पण घालाच.

आता ब्रेक. हे मी प्रत्येकाला सांगते आणि तरी विसरतात. आपल्याकडच्या सायकलींना बहुतेक वेळा उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो, इथे डाव्या हाताला पुढचा. माझा धाकटा भाऊ, पुण्यात दर रविवारी सिंहगड करणारा, दुकानाच्या बाहेरच्या उतारावर सवयीने डावा ब्रेक कचकन दाबला आणि मागचं चाक उचललं जाऊन हँडलवरून समोरच्या फुलांच्या कुंडीत. कुंडी वाचली, कोपर सोललं. "ताई, सायकल उलटी आहे यांची," असं वर म्हणतोय! त्यामुळे सायकल हातात आली की आधी सपाट जागेवर दहा मिनिटं फिरा, दोन्ही ब्रेक एकेक करून दाबून बघा, आणि रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायचंय हे मोठ्याने म्हणत राहा. चढावर हे लक्षात राहतं, गडबड होते ती एखाद्या थांब्यानंतर परत सायकलवर बसताना, आपण आपोआप डावीकडे सरकतो.

पाट्या कशा वाचायच्या

इथल्या पाट्या वाचता आल्या की अर्धं काम झालं. पिवळी पाटी म्हणजे चालण्याची वाट. नुसती पिवळी असेल तर कोणीही जाऊ शकेल अशी. पाटीच्या टोकावर किंवा दगडावर पांढरा-लाल-पांढरा पट्टा असेल तर डोंगरी वाट, म्हणजे चांगले बूट, थोडं उघडं कडं, दगडगोटे. आपल्या नेहमीच्या सह्याद्रीवाल्यांना ही वाट सहज जमते, कारण निसटत्या मुरमाची आपल्याला सवय असते. पांढरा-निळा-पांढरा दिसला की मागे फिरा, तिथे दोर, हिमनदी, हातापायांनी चढणं असले प्रकार सुरू होतात. सायकलच्या पाट्या लाल रंगाच्या असतात. पायवाटेवर सायकलची पाटी दिसली तरी चालणाऱ्याचा मान आधी, सायकलवाल्याने उतरून बाजूला उभं राहायचं.

पाटीवर अंतर किलोमीटरमधे नसतं, वेळ असते. "फाउलहॉर्न २ तास २० मिनिटं" असं. ही वेळ न थांबता चालणाऱ्याची, सपाटीवर ताशी चार-सव्वाचार किलोमीटर धरून काढलेली. फोटो काढणारी, पाणी पिणारी, थेपला खाणारी माणसं धरून त्याला सव्वा ते दीडने गुणा. माझ्या सासऱ्यांसाठी मी दुप्पट धरते आणि ते बरोब्बर तेवढाच वेळ घेतात.

फोनवर स्विसटोपोचं ॲप टाकून घ्या, फुकट आहे, नकाशा आधी डाउनलोड करून ठेवा. हवामानासाठी मेटिओस्विसचं ॲप, आणि सकाळी उठल्या उठल्या वरच्या स्टेशनांचे वेबकॅम. गावात ढग आणि वर लख्ख ऊन असं खूपदा असतं, आणि उलटंपण.

दिवस पहिला: पाय मोकळे करा, लाउटरब्रुनेन

पहिल्याच दिवशी शिखर नको. लाउटरब्रुनेनची दरी तळाशी सपाट आहे आणि दोन्ही बाजूंना उभे कडे, आपला सांधण व्हॅलीचा घसा दसपट रुंद केला आणि खाली गवत लावलं असं काहीसं. स्टेशनपासून श्टेखेलबर्गपर्यंत साधारण ६ किलोमीटर, चढ जेमतेम शंभर-सव्वाशे मीटर. नवीन सायकल, उलटे ब्रेक, उजवी बाजू, सगळ्याची प्रॅक्टिस इथे होऊन जाते. गावातून निघताच श्टाउबबाखचा धबधबा, २९७ मीटर उंच, पाणी खाली पोचेपर्यंत त्याचे तुषारच होतात. पुढे ट्रुमेलबाखला नक्की थांबा. आयगर, म्योंख आणि युंगफ्राउच्या हिमनद्यांचं पाणी डोंगराच्या पोटातून दहा टप्प्यांत खाली कोसळतं, सेकंदाला २० हजार लिटरपर्यंत, आणि तुम्ही त्या डोंगराच्या आत उभे असता. बोललेलं ऐकू येत नाही. आत ओलं आणि गार, जॅकेट सॅकमधून काढूनच जा. चार वर्षांखालच्या मुलांना आत सोडत नाहीत, म्हणून लहान पोरं असतील तर एकाने बाहेर थांबायची तयारी ठेवा.

दुपारी सायकल परत लाउटरब्रुनेनला लावून केबलकारने ग्रुचाल्प (१४८६ मी) आणि तिथून रुळांच्या बाजूने चालत म्युरेन. सव्वा तास, जवळपास सपाट, समोर तिन्ही डोंगर सतत सोबतीला. म्युरेन १६३८ मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षा फक्त ८ मीटर खाली, आणि तिथे आख्खं गाव वसलंय, हॉटेलं आहेत, शाळकरी पोरं दप्तर घेऊन फिरतायत. गाड्यांना बंदी. मला दरवेळी ही गोष्ट गमतीची वाटते.

दिवस दुसरा: मेनलिखेन, लाउबरहॉर्न

आज सायकलला सुट्टी. ग्रिंडेलवाल्ड टर्मिनलहून गोंडोलाने मेनलिखेन. हा चढ विकत घ्यायचा, खालून चालण्यात काही मजा नाही. वरच्या स्टेशनपासून मेनलिखेनचं शिखर (२३४३ मी) वीस-पंचवीस मिनिटांवर, रुंद वाट, आजीआजोबापण जातात. शिखरावरून एका बाजूला लाउटरब्रुनेनची दरी दीड किलोमीटर सरळ खाली, दुसऱ्या बाजूला ग्रिंडेलवाल्ड, मधे आपण. बहुतेक लोक हे शिखर सोडून सरळ पुढच्या वाटेला लागतात, का ते मला कळलेलं नाही.

खाली उतरून क्लाइने शायडेगकडे जाणारी पॅनोरमा वाट धरा, साडेचार किलोमीटर, हळूहळू उतरत जाणारी, दीड तास. ही वाट खूप प्रसिद्ध आहे त्यामुळे दहानंतर जत्रा असते. खिंडीत (२०६१ मी) पोचलात की गर्दी तिथेच कॉफी प्यायला बसते आणि तुम्ही लाउबरहॉर्नला निघायचं. २४७२ मीटर, म्हणजे ४०० मीटर चढ, सव्वा ते दीड तास. जानेवारीत इथून स्कीइंगची वर्ल्ड कप शर्यत सुटते, जवळपास साडेचार किलोमीटरचा उतार, सर्किटमधला सगळ्यात लांब. उन्हाळ्यात सुरुवातीच्या जागेपाशी गाई चरत असतात. वरून आयगरची उत्तर भिंत अशी अंगावर येते की बोलता बोलता माणसं गप्प होतात. ती भिंत १८०० मीटर उंच आहे आणि १९३८ मधे चौघांनी पहिल्यांदा पूर्ण चढली. आयगरचं शिखर मात्र दुसऱ्या बाजूने १८५८ मधेच झालं होतं, म्हणजे भिंतीने आणखी ऐंशी वर्षं वाट बघायला लावली.

अंगात दम उरला असेल तर क्लाइने शायडेगहून एक स्टेशन वर आयगरग्लेचरला (२३२० मी) ट्रेनने जा आणि आयगर ट्रेलने आल्पिग्लेनपर्यंत (१६१६ मी) उतरा, ६ किलोमीटर, दोन-अडीच तास, भिंतीच्या अगदी पायथ्याने. सातशे मीटरचा उतार आहे, ट्रेकिंग पोल नसतील तर दुसऱ्या दिवशीच्या सायकलीवर परिणाम होईल, म्हणून मी सहसा हा चौथ्या दिवसासाठी ठेवते. एकाच दिवशी दोन्ही करणारेपण बघितलेत, संध्याकाळी स्टेशनच्या पायऱ्या उलटं तोंड करून उतरत होते.

दिवस तिसरा: मोठा दिवस, सायकलने ग्रोसे शायडेग आणि पायी फाउलहॉर्न

ह्याच्यासाठी एवढं सगळं. आदल्या संध्याकाळी तीन गोष्टी करा. एक, हवामान बघा, दुपारी विजांचा इशारा असेल तर दिवस बदला, जिद्द करू नका. दोन, खाणं आणि कुलूप सॅकमधे भरा. तीन, फर्स्टच्या (ग्रिंडेलवाल्डच्या वरचं गोंडोला स्टेशन) गोंडोलाची शेवटची खाली येणारी वेळ बोर्डावरून फोटो काढून ठेवा, लागणार नाही बहुतेक, पण असू दे.

सकाळी सातला निघा. स्टेशनवरून गावाच्या पूर्वेला रस्ता हॉटेल वेटरहॉर्नपर्यंत जातो, इथपर्यंत खासगी गाड्या येतात आणि चढपण सोसवेल इतका. त्यापुढे गाड्यांना बंदी, फक्त बस आणि सायकली, आणि इथूनच चढ १० टक्क्यांच्या वर जातो. रस्ता अरुंद, एका बसपुरता. वळणावर येण्याआधी बसचा तीन सुरांचा भोंगा वाजतो, रॉसिनीच्या विल्यम टेल ऑपेराच्या सुरावटीतला, ऐकायला गोड वाटतो पण अर्थ "बाजूला हो" असाच आहे. भोंगा आला की पेडल थांबवा, डोंगराच्या बाजूला सायकल लावून एक पाय टेकवून उभे राहा, दरीच्या बाजूला कधीच नाही. ड्रायव्हर हात करतो, आपणही करायचा.

रस्त्यात गुरांसाठी लोखंडी नळ्यांच्या जाळ्या आडव्या टाकलेल्या असतात. त्या सरळ, चाक अजिबात न वळवता, ब्रेक न लावता ओलांडायच्या. ओल्या असतील तर उतरून चालत. आणि गाई. पाठीशी वासरू असलेली गाय दिसली तर लांबून वळसा घाला, वासराला हात लावायचा, फोटोसाठी जवळ जायचा मोह टाळा. आपल्याकडे गाय म्हटलं की आपण पाठीवरून हात फिरवतो, इथल्या डोंगरातल्या गाया वासरासाठी धावून येतात, आणि सहाशे किलोचं जनावर असतं. फाटक उघडलं तर आपल्या मागे बंद करायचं, तुमच्या मागून कोणी येत असेल तरच त्याच्यासाठी धरायचं.

ई-बाइकवर तासभर, साध्या सायकलवर दीड ते दोन तासांत तुम्ही ग्रोसे शायडेगला (१९६२ मी). उजवीकडे वेटरहॉर्नची भिंत इतकी जवळ की मान मागे टाकावी लागते. घाम आलेला असतो आणि खिंडीत वारा असतो, म्हणून पोचल्या पोचल्या, फोटोच्याही आधी, कोरडा टीशर्ट बदला आणि विंडचीटर घाला. हजार मीटर वर गेलं की तापमान साधारण सहा-साडेसहा डिग्रीने उतरतं, गावात वीस असेल तर इथे चौदा, वारा धरून त्याहून कमी वाटतं.

इथून फर्स्टकडे खडीचा रस्ता जातो, पाच-सहा किलोमीटर, वरखाली करत एकूण दोनशे-अडीचशे मीटर चढ. माउंटन बाइक किंवा जाड टायरची ई-बाइक असेल तर जा, लाल पाट्या धरून. रोड बाइकवाल्यांनी सायकल खिंडीतच कुलूप लावून चालत जायचं, दीड तास लागतो, पण मग फाउलहॉर्न करून परत खिंडीपर्यंत येणं हा खूप लांबचा दिवस होतो, त्यांनी बाखआल्प तलावावरून मागे फिरलेलं बरं. खरं सांगते, तलावपण कमी नाहीये.

फर्स्टला (२१६६ मी) साधारण सव्वानऊपर्यंत पोचलात तर उत्तम. गोंडोलाने येणारी गर्दी अजून जमायची असते. इथे सायकल कुलूपबंद करा, कारण पुढची पायवाट चालणाऱ्यांची आहे. हेल्मेट सॅकला अडकवून घ्या, सायकलवर ठेवलं तर रात्रीपर्यंत त्यात पाणी साठलेलं असतं असा अनुभव आहे.

फर्स्ट ते बाखआल्पझे, म्हणजे तोच बाखआल्प तलाव (२२६५ मी), तीन किलोमीटर, पाऊण-एक तास, बाबागाडी ढकलत येणारेही दिसतात. वारा नसेल तर पाण्यात श्रेकहॉर्न, फिन्स्टरआरहॉर्न उलटे दिसतात. वारा बहुतेक साडेदहा-अकराला सुटतो, म्हणून सकाळी लवकरचा एवढा आग्रह. फिन्स्टरआरहॉर्न ४२७४ मीटर, या सगळ्या बर्नीज आल्प्समधलं सर्वोच्च, आणि गावातून ते नीट दिसतच नाही.

तलावाच्या मागून वाट चढायला लागते आणि गर्दी एकदम गळते. पुढचे ४०० मीटर. पहिला टप्पा दगडी, मग एक दगडी निवारा लागतो, मग काळ्या-करड्या भुसभुशीत, शाळेतल्या पाटीसारख्या दगडाची वाट. शिखराचं नावच या कुजक्या, ठिसूळ दगडावरून पडलंय असं सांगतात, "फाउल" म्हणजे कुजका. हरिश्चंद्रगडाच्या पाचनईच्या वाटेपेक्षा अवघड अजिबात नाही, पण २५०० मीटरवर हवा विरळ असते आणि दोन दिवसांपूर्वी मुंबईच्या समुद्रसपाटीवर असलेला माणूस इथे धापा टाकतो. हळू चाला, नाकाने श्वास घेता येईल एवढ्याच वेगाने, आणि दर वीस मिनिटांनी दोन घोट पाणी. डोकं ठणकायला लागलं, मळमळलं तर शिखराचा हट्ट न धरता मागे फिरायचं.

वाटेत भेटणारा प्रत्येक माणूस "ग्रुएसेख" म्हणतो, बर्नकडचा नमस्कार. आपणही म्हणायचं, उच्चार चुकला तर कोणी हसत नाही. आपल्याकडे गडावर "जय शिवराय" होतं तसंच.

वर एकोणिसाव्या शतकातलं दगडी हॉटेल आहे, अगदी माथ्याच्या खाली चिकटलेलं. तिथे रस्ता नाही, त्यामुळे सूप महाग लागलं तर कुरकुर करू नका, ते तिथपर्यंत कसं आलं याचा विचार करा. रोख फ्रँक जवळ असू द्या. माथ्यावर दक्षिणेला बर्फाची अख्खी रांग आणि उत्तरेला पाठ वळवली की दोन हजार मीटर खाली ब्रिएंझचा तलाव, हिरवट-निळा, त्यावर पांढरी रेघ ओढत जाणारी बोट. मी तिथे बसून दरवेळी घरून आणलेलं एकच खाते, गूळ-शेंगदाण्याचा लाडू. भारतातून खाऊ आणताना मात्र एक लक्षात ठेवा, दुधाचे आणि मांसाचे पदार्थ स्वित्झर्लंडमधे आणायला बंदी आहे, म्हणजे पेढे, खवा, तूप घरीच ठेवायचं. बाकरवडी, चिवडा, चिक्की खुशाल आणा.

साडेबारापर्यंत माथा सोडा, काहीही झालं तरी. ढग कापसासारखे वर वर वाढायला लागले, फुलकोबीसारखे, की तासाभरात काहीतरी होणार. वीज चमकल्यावर ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे, धार सोडा, तलावापासून दूर राहा, पोल आणि सायकल बाजूला ठेवा, खोलगट जागेत पाय जुळवून उकिडवे बसा. इमारत जवळ असेल तर सरळ आत.

दोन-सव्वादोनला फर्स्टला परत, मग त्याच खडीच्या रस्त्याने खिंडीत आणि उतार. ९३० मीटरचा उतार मजेचा वाटतो पण अपघात इथेच होतात. ब्रेक सतत हलके दाबून ठेवायचे नाहीत, डिस्क तापून ब्रेक लागेनासा होतो. वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक जोरात, मग सोडून द्या, पुन्हा पुढच्या वळणाआधी. हात दुखायला लागले की थांबा, डिस्कला बोट लावून बघायचं नाही, भावाने तेही करून बघितलंय. चार वाजेपर्यंत तुम्ही गावात, सायकल परत, आणि दुकानाची बंद व्हायची वेळ अजून लांब.

दिवस चौथा, आणि पाऊस आला तर

पाय शाबूत असतील तर वर सांगितलेला आयगर ट्रेल. सह्याद्रीत सलग दोन दिवस चालायची सवय असलेल्यांसाठी दुसरा पर्याय श्यीनिगे प्लाट्टे. विल्डर्सविलहून १८९३ पासूनची रॅक रेल्वे वर जाते आणि तिथून फाउलहॉर्नवरून फर्स्टपर्यंत १६ किलोमीटरची धारेवरची वाट, सहा तास. पण ती करायची तर तिसऱ्या दिवशीचं फाउलहॉर्न गाळा, एकाच शिखरावर दोनदा कशाला.

पाऊस लागला तर वर जाऊ नका, ढगात तिकिटाचे पैसे वाया जातात. पावसात ट्रुमेलबाख उलट भारी दिसतो, आणि इंटरलाकेनला यश चोप्रांचा पुतळा आहे, घरच्यांना फोटो पाठवायला बरा.

सॅकमधे काय आणि पैशाचं काय

दीड लिटर पाणी पुरतं, वाटेत लाकडी हौदात पडणाऱ्या नळाचं पाणी प्यायचं असतं, फक्त "काइन ट्रिंकवासर" लिहिलं असेल तर नाही. घोट्याला धरणारे, तळाला खाचा असलेले बूट, रेनजॅकेट, कोरडा टीशर्ट, पातळ हातमोजे, टोपी, गॉगल आणि सनस्क्रीन. सनस्क्रीनला आपली मंडळी नाक मुरडतात, "आपण सावळे, आपल्याला काय होतंय", आणि संध्याकाळी नाकाची सालं निघतात. पंक्चर किट दुकानवाल्याकडून मागून घ्या आणि ते वापरायचं कसं तेही तिथेच बघून घ्या.

इन्शुरन्स काढताना डोंगरातली सुटका आणि हेलिकॉप्टर त्यात आहे का हे नीट वाचा, नसेल तर बिल आपल्या खिशातून. रेगा या हवाई बचाव सेवेचा नंबर १४१४, ॲम्ब्युलन्स १४४, काहीच आठवलं नाही तर ११२. फोनमधे आत्ताच सेव्ह करा.

तिकिटांसाठी, चार दिवस इथेच राहणार असाल तर अर्ध्या भाड्याचं हाफ फेअर कार्ड आणि देशभर फिरणार असाल तर स्विस ट्रॅव्हल पास, दोन्हीचा हिशोब कागदावर मांडा, कारण पासवर ग्रिंडेलवाल्ड, वेंगेन, म्युरेनपर्यंत सगळं येतं पण त्याच्या वर फक्त सवलत मिळते. सायकल ट्रेनमधे न्यायची तर तिचं वेगळं तिकीट लागतं, आणि सीझनमधे इंटरसिटी गाड्यांना जागेचं रिझर्वेशनपण, म्हणून बाहेरून सायकल आणण्यापेक्षा दरीत येऊनच भाड्याने घ्या. हॉटेलात चेक-इन करताना गेस्ट कार्ड आठवणीने मागा, लोकल बससारख्या सवलती त्यावर असतात. आणि जेवणाचं म्हणाल तर ग्रिंडेलवाल्डला कोऑप (सुपरमार्केट) आहे, रविवारी दुकानांच्या वेळा कमी असतात, शनिवारी संध्याकाळीच ब्रेड, चीज, टोमॅटो, दही घेऊन ठेवा. आमच्याकडे पाहुणे आले की मी सोबत एक छोटा कुकर आणि मूगडाळ-तांदूळ घेऊन जाते. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी फाउलहॉर्नहून आल्यावर सोललेल्या कोपराचा आणि भाजलेल्या बोटाचा भाऊ तीन वाट्या खिचडी खाऊन तिथेच बाकावर झोपला होता, बूट पायातच.